एकसष्टाव्या खोलीपर्यंत

गौतम कासारेचा एक नियम होता, आणि तो त्याने सख्ख्या भावासाठीसुद्धा मोडला नसता. फाईल डाउनलोड होताना मध्येच तुटली, की ‘पुढे चालू’ दाबायच्या आधी जेवढी आली असेल तेवढीची प्रत काढून बाजूला ठेवायची. गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलेलं असो. लोक वैतागायचे. “अरे दाब ना रे बटण, किती टाइमपास!” गौतम ढिम्म. आधी प्रत, मग बटण.

कोणी विचारलंच तर तो नळाचं सांगायचा. चाळीचा नळ मध्येच गेला तर अर्धा भरलेला हंडा आपण ओतून देतो का? नाही. पाणी परत आलं की तिथून पुढे भरतो. पण परत आलेलं पाणी गढूळ निघालं तर आधीचं चांगलं अर्धंही गेलं. म्हणून आधीचं कळशीत काढून ठेव, मग लाव हंडा नळाखाली. सरळ सर्व्हर असेल तर ‘एवढं माझ्याकडे आहे, पुढचं दे’ म्हटल्यावर पुढचंच देतो. पण काही सर्व्हर एक नंबरचे हरामखोर. पुढचं देतो म्हणतात आणि पहिल्यापासून ओतत सुटतात. सात वर्षांपूर्वी चाळीतल्या मानसीचं ॲडमिशनचं पत्र असंच गेलं. अर्ध्यावर अख्खं चढलं, दोन्ही मातीत गेलं, आणि मुदत संपली. त्या पोरीच्या आईचं तोंड गौतम अजून विसरला नव्हता.

परळच्या बखारवाल्या चाळीत जिन्याखाली त्याचं दुकान होतं, प्रबुद्ध ऑनलाइन सेंटर. दुकान कसलं, एक टेबल, एक मशीन, एक झेरॉक्स आणि अंगठ्याचं यंत्र. आधार, फॉर्म, लाइटबिल, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं तिथेच. चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्याला चाळीस खोल्या, आणि मध्ये मोठा चौक. या चौकाचं एक होतं. बातमी काहीही असो, ती चौकात उभं राहून ओरडून सांगायची. पोरगा पास झाला, ओरडा. मुलगी झाली, ओरडा. नोकरी लागली, ओरडा. मयत झाली तरी तसंच, फक्त तेव्हा ओरडणारा खोलीचा नंबर आणि नाव एवढंच सांगायचा, आणि जो तो हातातलं टाकून खाली उतरायचा. कोण, कुठल्या जातीचं, कालच भांडण झालं होतं का, असलं काही कोणी बघत नसे. मोबाइल आले तरी ही सवय काही सुटली नाही. ग्रुपवर टाकलेलं बघतो कोण? ओरडलेलं सगळ्यांना ऐकू येतं.

ही चाळ आता पडणार होती. तिथे टॉवर होणार, आणि यादीत ज्याच्या नावापुढे ‘पात्र’ त्याला वर घर. ज्याच्यापुढे नाही त्याने महिन्याभरात खोली सोडायची. ती यादी सोमवारी सकाळी अकराला वेबसाइटवर चढली. हरकत घ्यायची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे दीड दिवस! ज्यांच्या तीन-तीन पिढ्या इथे नांदल्या त्यांना यांनी दीड दिवस दिला होता.

त्यात यादी म्हणजे साधी टाइप केलेली नाही. प्रत्येक खोलीची चार पानं, फॉर्म, फोटो, भाडेपावती, रेशनकार्ड, सगळं फोटो काढून एकाच फाईलीत कोंबलेलं. जवळजवळ एक जीबीचं धूड, आणि सर्व्हर असा की पाच मिनिटं चालला की दम लागायचा. लोकांनी मोबाइलवर हात दुखेपर्यंत प्रयत्न केले. कोणाचं चार टक्क्यांवर तुटलं, कोणाचं नऊवर. शेवटी सगळी वरात गौतमच्या दुकानापुढे आली.

गौतमच्या मशीनवर ती अडतीस टक्क्यांपर्यंत आली आणि एक वाजून पाच मिनिटांनी तीही तुटली. नियमाप्रमाणे त्याने अर्धी बाजूला काढली. आणि मग, पब्लिकचा जीव टांगणीला लागलेला बघून, ती अर्धीच उघडायचं ठरवलं. अर्धी फाईल अशी सरळ उघडत नाही, तिचं शेपूट नसतं. पण तुटक्या फाईली दुरुस्त करायचा एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता. त्यात घातली आणि पानं दिसायला लागली. खोली एक, दोन, तीन, करत करत एकसष्ट. पुढे काही नाही.

त्याची स्वतःची खोली चौऱ्याहत्तर. पण त्याचं बोट आधी त्रेचाळीसवर गेलं.

त्रेचाळीसमध्ये कमलमावशी राहायची. कमल दौलत पेडणेकर, वय एकाहत्तर. दौलतकाका मिलमध्ये होते, ते जाऊन एकवीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. कोकणात तिचं म्हणावं असं नारळाचं एक झाडसुद्धा नव्हतं, भाऊबंदांनी सगळं केव्हाच वाटून खाल्लं होतं. ही दहा बाय बाराची खोली गेली तर ती म्हातारी नेमकी कुठे जाणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. गिरणीच्या संपाच्या वर्षी गौतमचे वडील कोंडीराम घरी बसले तेव्हा सात वर्षांचा गौतम तिच्याकडे जेवायचा. स्वतःच्या ताटातला अर्धा भात ती त्याच्याकडे सारायची आणि माका भूक नाय म्हणायची. ते खोटं आहे हे त्याला फार उशिरा कळलं.

त्रेचाळीसचं पान उघडलं. मावशीचा चष्मा लावलेला फोटो. खाली शिक्का: पात्र.

गौतम पन्नाशीचा माणूस, पण लहान पोरासारखा चौकात धावला. “कमलमावशी! त्रेचाळीस! पात्र! नाव आहे गं!” आवाज चारही मजले चढून गेला. मावशी कठड्याशी आली, हात जोडले, आणि तिथेच डोळ्याला पदर लावला. “झिला, तुझ्या तोंडात साखर पडो!” कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कमिटीच्या खोलीच्या दारात चाळीचा सेक्रेटरी राजरत्न येलवे उभा होता. गौतमचा बालवाडीपासूनचा दोस्त.

“काय म्हणालास? कुठली खोली?” राजरत्नने विचारलं.

“त्रेचाळीस. आपली मावशी.”

“पात्र लिहिलंय? तू डोळ्यांनी बघितलंस?”

“अरे शिक्का आहे शिक्का!”

“बरं झालं,” राजरत्न म्हणाला आणि मोबाइल कानाला लावत गेटबाहेर गेला. तेव्हा गौतमला त्यात काही वावगं वाटलं नाही. आनंदात होता तो.

जेवून येऊन त्याने ‘पुढे चालू’ दाबलं. शंभर टक्के व्हायला चार वाजले, आणि फाईल उघडेचना. परत परत एकच, फाईल खराब आहे. आला का हा पण त्याच जातीचा, म्हणून गौतमने सर्व्हरला एक इरसाल शिवी हासडली आणि आकडे तपासायला घेतले. तिथे त्याचा हात थांबला. डाउनलोडचा प्रोग्रॅम फाईलीचं वजन दाखवतो आणि ती सर्व्हरवर कधी ठेवली ती वेळही दाखवतो. सकाळी सुरू केली तेव्हा वेळ होती शनिवार संध्याकाळची, म्हणजे फाईल तेव्हाच ठेवून लिंक सोमवारी उघडी केलेली. आता होती आजची, दुपारी एक वाजून सदतीस मिनिटं. वजनही थोडं वाढलं होतं. सर्व्हर या वेळी बिघडलेला नव्हताच. त्याने इमानदारीत पुढचंच दिलं होतं, पण ते दुसऱ्याच फाईलीचं पुढचं होतं. कोणीतरी मधल्या वेळात आधीची यादी काढून त्याच नावाने दुसरी ठेवली होती.

गौतमने नवी यादी पहिल्यापासून लावली. सहा वेळा तुटली. सहा वेळा त्याने अर्धी बाजूला काढली. साडेसहाला ती पूर्ण आली आणि उघडली. त्याने त्रेचाळीसवर जायच्या आधी, का कोण जाणे, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

खोली क्रमांक त्रेचाळीस. दौलत पेडणेकर, मयत. कमल दौलत पेडणेकर, मयत. वारस, धोंडू सीताराम पेडणेकर. पात्र.

फोटोच्या जागी कोणातरी मिशीवाल्या माणसाचा फोटो होता.

गौतमने स्क्रीन जवळ ओढली. त्याने सकाळची अर्धी उघडली. तिथे मावशी चष्म्यातून त्याच्याकडे बघत होती. नवी उघडली, मिशीवाला. परत अर्धी, परत नवी. मग त्याने स्वतःची खोली बघितली. चौऱ्याहत्तर, गौतम कोंडीराम कासारे, पात्र. त्याने हुश्श केलं, आणि आपण हुश्श केलं याची त्याला लगेच लाज वाटली.

मग त्याने हिशेब लावला. तो चौकात ओरडला एक वाजून दहाला. यादी बदलली एक सदतीसला. म्हणजे चुकून खरी यादी चढली होती आणि ज्यांनी खोटी तयार ठेवली होती त्यांना त्या चुकीचा पत्ताच नव्हता. तो पत्ता गौतमने दिला होता, स्वतःच्या घशाने, चार मजल्यांना ऐकू जाईल असा. तो गप्प बसला असता, तर फाईल तशीच पुढे चालू राहिली असती आणि संध्याकाळपर्यंत अख्खी खरी यादी त्याच्या मशीनवर असती.

मावशीला सांगणं भाग होतं. ती चहा पीत बसली होती. त्याने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

“म्हणजे माका मारून टाकल्यानी?”

“कागदावर, मावशी.”

“मग ही चाय कोण पिता?” ती हसली, पण कप खाली ठेवताना बशीवर खडखडला. “आणि ह्यो धोंडू कोण? माझ्या घोवाक भाऊच नव्हतो. पुतणो खयसून इलो?”

“माझ्यामुळे झालं गं. मी ओरडलो नसतो तर…”

“गप रे. नाव असल्यावर माणूस वरडतलोच.” तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझ्याकडे ती अर्धी असा ना? मगे झाला.”

अर्धी होती. चाळीतल्या एकशे साठ खोल्यांपैकी पहिल्या एकसष्ट खोल्यांचं खरं काय होतं, याचा जगातला एकमेव पुरावा ती होती. गौतमने तिच्या दोन प्रती दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि मशीनवरून ती, ती बिघडलेली फाईल आणि नवीचे अर्धे तुकडे, सगळं पुसून टाकलं. एक पेन ड्राइव्ह खिशात ठेवला. दुसरा मावशीने तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली कोपरापर्यंत हात घालून पुरला.

मंगळवारी सकाळी नऊला राजरत्न दुकानात आला आणि स्टुलावर बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला घाम.

“जयभीम.”

“जयभीम. बोल.”

“काल सकाळी चुकीची यादी चढली होती. कच्ची. ती तुझ्याकडे अर्धी राहिलीय म्हणे.”

गौतमने हे मावशीशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. पण चाळीच्या भिंती पातळ, आणि मावशीच्या शेजारची खोली राजरत्नच्या मेव्हण्याची. “कोण म्हणालं?” त्याने उगीच विचारलं.

“ते सोड ना यार. डिलीट मार. उगाच लफडी नकोत. लोक गैरसमज करून घेतात.”

“राज्या, मावशी जिवंत आहे. काल तिने तुझ्यासमोर हात जोडले.”

राजरत्नने मान वर केली नाही. “त्यासाठी सुनावणी असते. नंतर. रीतसर. तुझं चौऱ्याहत्तर पात्र आहे ना? मी स्वतः बघितलंय. मग तू कशाला मध्ये पडतोस?” मग एकदम आवाज बसल्यासारखा झाला. “मला पण पोरंबाळं आहेत रे. तुला माहीत नाही ते लोक कसे आहेत. मला माहीत आहे.”

त्याच्या आवाजात धमकी असती तर गौतम भांडला असता. पण राजरत्न घाबरलेला होता, खरोखर घाबरलेला. इतक्या वर्षांच्या सेक्रेटरीला घाम फोडणारी माणसं कोण असतील?

आणि मग गौतमने ती चलाखी केली. त्या क्षणी त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मशीनवर यादीची एकच फाईल शिल्लक होती, काल संध्याकाळी पूर्ण उतरवलेली नवी यादी. तिच्या नावात नुसते आकडे. त्याने स्क्रीन राजरत्नकडे वळवली.

“हीच ना?”

“हीच असेल. मार.”

गौतमने ती डिलीट केली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. राजरत्नने सुटकेचा श्वास सोडला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. चला, बनला मामा! ही तर नवी यादी होती, सर्व्हरवर पडलेलीच आहे, हवी तेव्हा परत उतरवता येईल. खरी चीज तांदळात होती. गौतमने दुकानाला कुलूप लावलं आणि मावशीला घेऊन टॅक्सीने दादरला, हरकती घेणाऱ्या ऑफिसात गेला.

मावशीने पिशवीत स्वतःच्या जिवंत असण्याचे सगळे पुरावे घेतले होते. आधार, मतदार कार्ड, बँकेचं पासबुक, आणि गौतमनेच नोव्हेंबरात अंगठा लावून काढून दिलेला हयातीचा दाखला. रांगेतून नंबर लागायला दोन वाजले. काउंटरवरच्या मॅडमनी तो दाखला उलटसुलट करून बघितला.

“हा नोव्हेंबरचा आहे.”

“मॅडम, त्या तुमच्यासमोर उभ्या आहेत,” गौतम म्हणाला.

“मला दिसतंय हो. पण सिस्टिममध्ये मयत आहे. तुम्ही अर्ज द्या, मी इनवर्ड नंबर देते.”

तेवढं तरी त्या चांगल्या होत्या. गौतमने अर्ज भरला. इतक्या वर्षांत हजारो अर्ज भरलेले, अक्षर मोत्यासारखं. खाली रकाना होता: अर्ज लिहून देणाऱ्याचे नाव व खोली क्रमांक. हाताच्या सवयीने त्याने लिहिलं, गौतम कोंडीराम कासारे, खोली चौऱ्याहत्तर. मॅडमनी शिक्का मारला, नंबर टाकला, आणि पुरावा म्हणून दिलेला पेन ड्राइव्ह लावला.

“उघडत नाहीये.”

“अर्धी आहे ती. दुरुस्त करून उघडावी लागते. तुमच्याच साइटवरून आलीये, काल सकाळी.”

मॅडमनी आत फोन केला. एक निळ्या शर्टातला माणूस आला. त्याने काही न विचारता लॅपटॉपवर फाईल उघडली, म्हणजे त्याला ती उघडायची कशी हे ठाऊक होतं. त्रेचाळीसवर थांबला. मावशीकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. मग त्याने सरळ शेवटच्या पानावर उडी मारली.

“खोली एकसष्ट. पुढे?”

“तिथेच तुटली.”

“सही शेवटच्या पानावर असते. याला शेवटचं पानच नाही. बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी.” त्याचा आवाज अगदी सौम्य होता. “दुसरी प्रत आहे का याची?”

गौतमच्या जिभेवर आलंच होतं. आहे ना साहेब, मी नेहमी काढून ठेवतो, नियमच आहे माझा. आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली ते वाक्य. मावशीने मागून त्याचा शर्ट ओढला.

“नाही,” गौतम म्हणाला. “एवढीच.”

“मग ही इथे जमा राहील.” त्या माणसाने पेन ड्राइव्ह खिशात घातला, काउंटरवरचा अर्ज उचलून खालचा रकाना वाचला, ओठ हलवत, नंबर पाठ केल्यासारखा वाचला, आणि आत गेला. मॅडम खाली मान घालून शिक्क्याची शाई पुसत बसल्या.

दोघं टॅक्सीने परत निघाली. चाळीत पोचायला साडेतीन झाले. गौतम दुकानात गेला, आणि पहिल्यांदा नवी यादी परत लावली, कारण दोन याद्या शेजारी शेजारी दाखवल्याशिवाय लोकांना पटणार नव्हतं. यादी येऊ लागली. दरम्यान मावशीने तांदळाचा डबा चौकात आणून सगळ्यांसमक्ष सुपात उपडा केला. पेन ड्राइव्ह निघाला. गौतमने टेबल चौकात घेतलं, मशीनची वायर जिन्याखालून ओढली.

ज्या ओरडण्याने घात झाला तेच ओरडणं आता त्याच्याकडे उरलं होतं. या वेळी तो मुद्दाम, जाणूनबुजून ओरडणार होता.

“सगळ्यांनी मोबाइल काढा! रेकॉर्डिंग लावा! ही काल सकाळची यादी. खोली एक, पात्र. खोली दोन, पात्र…”

कठड्यांवर माणसं जमली. पन्नास-साठ मोबाइल त्याच्या दिशेने रोखले गेले. तो एकेक पान स्क्रीनवर धरायचा, नंबर ओरडायचा, फोटो दाखवायचा. राजरत्नच्या खोलीची खिडकी उघडी होती, मग बंद झाली. “त्रेचाळीस! कमल दौलत पेडणेकर! पात्र!” मावशी शेजारी उभी होती, ताठ. “ही बघा! जिवंत!” कोणी हसलं नाही. एकसष्टपर्यंत तो एका दमात गेला, आणि वरून पहिला आवाज आला, दुसऱ्या मजल्यावरून.

“गौतम, पुढचं वाच ना! माझं एक्क्याण्णव आहे!”

“पुढचं नाही माझ्याकडे. तिथेच तुटली.”

“म्हणजे आमचं बदललं असेल तर?”

गौतमने मशीनकडे बघितलं. साडेचार वाजले होते. नवी यादी नेमकी तेव्हा तुटली, साठ टक्क्यांवर. गौतमने त्या घाईतही नियम पाळला. आधी प्रत काढली. मग ती प्रत दुरुस्त करून उघडली. तुटताना प्रोग्रॅमने वेळ दाखवली होती, ती त्याने वाचली. ही यादी सर्व्हरवर आज ठेवलेली होती. दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटं. म्हणजे तो दादरहून निघाला त्यानंतर.

कालची ही नव्हे. कालची त्याने स्वतःच्या हाताने, फार हुशारीने, डिलीट केली होती.

त्याने बासष्टपासून वाचायला सुरुवात केली. पात्र. पात्र. सहासष्ट, अपात्र, आणि वर कोणीतरी बाई रडायला लागली. पात्र. त्र्याहत्तर, पात्र. पुढचं पान उघडलं आणि गौतम वाचायचा थांबला.

“काय झाला रे?” मावशीने विचारलं. तिला स्क्रीन वाचता येत नव्हती, चष्मा घरी होता. “सांग मरे झिला. काय लिवलाहा?”

तिच्या अर्जाला इनवर्ड नंबर मिळाला होता. तिची अर्धी साठ मोबाइलांत गेली होती. तिची खोली आता सहजासहजी कोणी हडपू शकणार नव्हतं, आणि गौतमला त्याचं बरं वाटलं, त्या अवस्थेतही वाटलं. त्याने मात्र अर्ज केला नव्हता. कशाला करील? काल तर तो पात्र होता. दादर वीस मिनिटांत गाठणं शक्य नव्हतं. साइटवर हरकतीचं एक बटण होतं. त्याने ते दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि थांबलं. पुन्हा प्रयत्न करा. त्याने पुन्हा दाबलं, मग पुन्हा. सर्व्हरला दम लागला होता.

चार मजले त्याच्याकडे बघत होते. मावशीने त्याचा दंड धरला. “वरड,” ती म्हणाली. “माझ्यासाठी वरडलंस. आता तुझ्यासाठी वरड.”

गौतमने चौकाच्या मधोमध जाऊन मान वर केली आणि चाळीच्या रीतीप्रमाणे फक्त नंबर आणि नाव सांगितलं.

“चौऱ्याहत्तर! गौतम कोंडीराम कासारे! मयत!”

वरच्या मजल्यावर एक दार वाजलं, मग दुसरं. कुणी गॅस बंद केला, कुणी टीव्ही. जिन्यावर चपला वाजायला लागल्या, आधी थोड्या, मग सगळ्या जिन्यांवरून. सवयीने माणसं हातातलं टाकून खाली उतरत होती, आणि ज्याची मयत तो चौकात उभा राहून त्यांना येताना बघत होता.

पाच वाजायला नऊ मिनिटं होती.